थंडी कोणाला वाजत होती

आई,

आधी झालं ते सांगते.

१. रविवारी सकाळच्या भरतीबरोबर कोपरच्या बाजूच्या एका मिठागरी खेड्यातून होडी ठाण्याच्या बंदराला लागली. तिच्यातून एक सासू, तिची सून आणि सुनेचं आठवड्याचंही न झालेलं मूल दवाखान्यात आलं.

२. मुलाचे डोळे चिकटले होते. मी ते धुतले आणि औषध घातलं. मूल रडलं, मग दूध प्यालं.

३. सुनेला विचारलं, तुला काही होतंय का? ती म्हणाली, "मना काय नाय, बाय. घरची म्हस तेवढी थरथरते. काल सांजपासून. वैरन खात नाय."

४. तिचा ताप पाहिला. नव्हता.

५. सासूला म्हशीचं विचारलं. ती म्हणाली, "कंची म्हस? म्हस तं आमी गेल्या सालीच इकली."

६. मी सुनेला ठेवून घेतलं. दवाखान्याच्या वहीत कारणाच्या रकान्यात काही लिहिलं नाही.

७. आज मंगळवार. मुलाचे डोळे स्वच्छ आहेत. मी सगळं कळवलं होतं, त्यावर डॉक्टरीणबाईंची मुंबईहून चिठ्ठी आली: "मूल बरं असेल आणि आईची स्वतःची काही तक्रार नसेल, तर गुरुवारी मी आले की दोघांना घरी पाठवू; घरात नसलेल्या म्हशीच्या दुखण्यासाठी खाट अडवता येणार नाही."

एवढंच झालं आहे. यात माझं मत कुठेही आलेलं नाही. मत विचारल्याशिवाय सांगायचं नाही, हे मी मुंबईला सुईणकामाच्या वर्गात शिकले. तुला हे काही ठाऊक नसणार. माझं लग्न आणि त्याचा शेवट ही दोन्ही तू गेल्यावर झाली; त्याबद्दल इथे लिहीत नाही. त्यानंतर बाबांनी लोकांचं ऐकून न घेता मला मुंबईला पाठवलं, मी परीक्षा दिली, आणि आता ठाण्याच्या या दवाखान्यात बायकांची खोली माझ्याकडे आहे. नोकरीची जागा अजून कच्ची आहे. डॉक्टरीणबाई दर गुरुवारी गाडीनं येतात, एरवी सगळं मी बघते. माझ्याजवळ ताप मोजायची काचेची नळी आहे, कात्री आहे, कार्बोलिकचं पाणी आहे. हात कोपरापर्यंत धुतल्याशिवाय मी कोणाला हात लावत नाही. मला इथे 'बाय' म्हणतात, काही जणी 'मास्तरीणबाई' म्हणतात, आणि मी फार बोलत नाही म्हणून थोड्या घाबरतातही.

मुंबईला आमच्या वर्गावर एक वयस्क डॉक्टर होते. एकदा एका मुलीनं 'नाडी उदास आहे' असं लिहिलं. त्यांनी ते मोठ्यानं वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "नाडीला मन नसतं. मिनिटाला किती ठोके, ते सांगा." सगळ्या हसल्या. मी हसले नाही, कारण मला एकदम फार बरं वाटलं होतं. ज्या घरात कोणतीच वस्तू मुकाट्यानं वस्तू म्हणून राहत नव्हती अशा घरातून मी आले होते. जे दिसलं ते, जे मोजलं ते, एवढंच लिहायचं असतं आणि तेवढं पुरतं, हे ऐकून खोलीतलं सामान कोणीतरी आवरून ठेवावं तसं वाटलं मला. त्यानंतर माझ्या लिहिण्यात एकही नाडी उदास झाली नाही.

आपलं कल्याणचं स्वयंपाकघर. बाजारपेठेच्या मागे, परसात पेरू, आणि पेरूच्या पलीकडून ऐकू येणारी आगगाडी. तू चुलीपुढे बसली आहेस आणि पळीला रागावते आहेस. "उलट बोलू नकोस," तू तिला म्हणतेस, कारण ती पातेल्याच्या काठावर आपटली आहे. दूध तुझ्या मते चहाडखोर आहे, पाठ वळायची वाट बघतं आणि सगळ्या घराला कळेल असं उतू जातं. तवा म्हणजे कचेरीतून आलेला माणूस, आधी तापतो आणि कोणी काही बोलायच्या आत निवतो. हे तू बाबा जेवायला बसलेले असताना म्हणतेस आणि बाबा खाली मान घालून घास चावत राहतात. उन्हाळ्यात लोणच्याची मोठी बरणी भरून तिच्या गळ्याला फडकं बांधलं की तू तिच्या पोटावरून हात फिरवून मला हळूच सांगतेस, "हिला दिवस गेलेत. जपून. धक्का लावू नकोस." मी बरणीला वळसा घालून जाते. आणि गाडीची शिटी झाली की म्हणतेस, "बघ, अजून उभी आहे. एक रस्ता नाशकाच्या घाटात जातो, एक पुण्याच्या. बिचारीला दोन माहेरं. आधी कुठे जावं ते ठरेना."

आजीला हे खपत नसे. बाबांची आई ती. तिच्यापुढे घरात वाराही बेतानंच वाहत असे. "परातीला काय विचारतेस?" ती माजघरातून ओरडायची. "मी मेले का? मला विचार." मग तू परातीकडे बघून डोळे मोठे करायचीस, जणू तिच्यामुळेच तुला बोलणी बसली. मी पदरात तोंड घालून हसायचे. तुझा पदर, माझा नव्हे.

आणि बाबा. मालधक्क्यावर कारकून, दिवसभर गोण्यांच्या पावत्या, घरी आल्यावर ओटीवर पाय धुवायचे. स्वतःच्या आईसमोर बायकोशी बोलायची तेव्हा रीत नव्हती, अजूनही पुष्कळ घरांत नाही. ते आत येऊन पाटावर बसायचे आणि भिंतीला विचारल्यासारखं विचारायचे, "आज पातेलं काय म्हणतंय?" तू त्यांच्याकडे न बघता सांगायचीस, "पातेलं बरं आहे. चूल जरा कंटाळली आहे ओल्या लाकडांना." दुसऱ्या दिवशी कोरडी लाकडं यायची. कधी तू म्हणायचीस, "पातेल्याला आज घशाशी आलंय," तर ते जेवण झाल्यावर मला हाक मारायचे, पडवीत मांडीवर घेऊन बसायचे आणि तेवढा वेळ तुला माझं काही बघावं लागत नसे. मला वाटायचं, सगळ्यांचे आईबाप असेच भांड्यांच्या चौकशा करतात.

मागच्या महिन्यात कल्याणला गेले होते तेव्हा मी बाबांना विचारलं. ते आता थकले आहेत, ओटीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला ओळख देतात. मी म्हटलं, "बाबा, आई पातेल्याबद्दल बोलायची, तेव्हा ती पातेल्याबद्दल बोलायची का स्वतःबद्दल?"

ते अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. "ती पातेल्याबद्दलच बोलायची असं मला वाटायचं," ते म्हणाले. "पण मी विचारायचो ते तिच्यासाठी."

"मग तिला बरं नाही हे तुम्हाला कधी कळलं?"

"तू तिथे काय तेच शिकलीस का गं?" असं म्हणून त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. पुढे मी काही विचारलं नाही. उत्तर देता येईल अशा माणसालाच प्रश्न विचारावा, म्हणून आता तुला विचारते आहे. हे वाक्य बरोबर नाही हे मला कळतं.

आता त्या दिवसावर येते. माझ्या पाठचा भाऊ झाला होता. तू माजघरामागच्या काळोख्या खोलीत होतीस, खाटेखाली शेगडी, दाराला गोणपाट. मला आत यायला परवानगी होती ती जुनं परकर-पोलकं घालून, आणि तुला किंवा बाळाला शिवायचं नाही या अटीवर. दहा दिवस तुला फक्त सुईण शिवणार होती. आजीनं हे मला दोनदा बजावलं होतं. मी उंबऱ्याशी बसून तुझ्याशी बोलायचे. तू बारशाची टोपडी आधीच शिवून ठेवली होतीस, दोन. एक बाळाचं आणि एक वरवंट्याचं, कारण बारशाला आधी वरवंट्याला टोपडं घालून, झबल्यात गुंडाळून पाळण्याखालून पाळण्यावरून फिरवतात आणि मग बाळाला ठेवतात, बाळ त्याच्यासारखं टणक व्हावं म्हणून. मला त्या दिवशी वरवंट्याला एका बाजूनं धरायला मिळणार होतं. तू म्हणाली होतीस, "नीट धर हं. आपल्या घरातला थोरला मुलगा तो. चटण्या वाटून वाटून दमलाय, एक दिवस पाळण्यात झोपू दे त्याला."

पाचवी पुजून झाली आणि बाळ गेलं. बाबा त्याला फडक्यात घेऊन खाडीच्या बाजूला गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी तू मला म्हणालीस, वरवंटा आणून दे. मी स्वयंपाकघरात जाऊन तो दोन्ही हातांनी पोटाशी धरून आणला. आजी पाट्यापाशीच होती. मला वाटलं ओरडेल. ती भिंतीकडे तोंड करून तांदूळ निवडत राहिली. मी वरवंटा खाटेच्या कडेला ठेवला, तू त्याला टोपडं घातलंस, दोन्ही नाड्या हनुवटी असती तिथे बांधल्यास, आणि जवळ घेतलास.

मी उंबऱ्याशी बसले. बाहेर ऊन होतं. थोड्या वेळानं तू म्हणालीस, "अगं, याला थंडी वाजतेय. कुडकुडतोय बघ. काहीतरी घाल याच्यावर."

मी खुंटीवरचा पंचा आणला. तुला न शिवता, फक्त दगडावर, चारी बाजूंनी नीट खोचून घातला. माझ्या मते ते काम फार चांगलं झालं होतं.

"थांबला का थरथरायचा?"

मी पंच्याखाली हात घालून बघितलं. दगड शेगडीच्या बाजूनं कोमट होता, दुसरीकडून गार. मी म्हटलं, "आई, तो थरथरत नाहीये."

तू माझ्याकडे बघितलंस. तुझे डोळे फार चकचकीत होते, हे मला आठवतं, आणि आज त्याचा अर्थ मी सांगू शकते. तू म्हणालीस, "तू नीट बघितलं नाहीस."

तू मला रागावलीस असं तेवढंच. एरवी पळीला, दुधाला, तव्याला रागावायचीस. माझ्या वाट्याला हे एकच वाक्य आलं. त्यानंतर तू माझ्याशी बोललीस ते नीट शब्दांत नव्हतं. तो आठवडा संपायच्या आत घरात पुन्हा रडारड झाली, आणि वरवंट्याचं टोपडं कोणी सोडलं ते मी पाहिलं नाही.

मुंबईच्या वर्गात बाळंतज्वरावर शिकवलं तो दिवस साधा होता. पावसाळा संपला होता, खिडक्या उघड्या होत्या. डॉक्टर नेहमीच्या आवाजात सांगत होते: बाळंतपणानंतर तिसऱ्या दिवसापासून पुढे केव्हाही, आधी हुडहुडी भरते, बाई दात वाजेपर्यंत कुडकुडते, मग ताप चढतो. ओटीपोट दुखतं. डोळे चकाकतात. पुढे बाई बरळते. मी ते सगळं सरळ ओळीत लिहून घेतलं. अक्षर चांगलं आलं. फक्त वर्ग सुटल्यावर मी बाकड्यावरून उठले नाही, आणि शेजारच्या मुलीनं विचारलं तेव्हा म्हटलं, पायाला मुंग्या आल्यात.

माझा काही दोष नव्हता. मी लहान होते, शिवू नकोस म्हणून सांगितलेलं होतं, आणि जे करायला सांगितलं ते मी केलं. त्यावर मी रडतही नाही. हा निदानाचा प्रश्न आहे आणि तो सुटत नाही. त्या दुपारी हुडहुडी तुला भरली होती का? तू हलत होतीस आणि तुझ्या कुशीतला दगड तुझ्याबरोबर हलत होता, म्हणून तुला तो कुडकुडताना दिसला का? की तुला सगळं समजत होतं, पण मी तुला शिवू शकत नाही आणि दगडाला शिवू शकते, म्हणून तू दुखणं माझ्या हाताला पोहोचेल अशा जागी ठेवलंस? की यातलं काहीच नाही, आणि तो दगड तुझ्यासाठी बाळ होता, आदल्या दिवशी फडक्यात गुंडाळून नेलेलं, आणि जमिनीत थंडी वाजत असेल एवढंच तुला म्हणायचं होतं? तिन्ही गोष्टींना पुरावा सारखाच आहे. पुरावा म्हणजे माझी एक आठवण.

पहिलं खरं मानलं तर मला मागे जाऊन सगळं पुन्हा वाचावं लागतं. मी ते करून बघितलं आहे. परात जड झाली आहे, असं तू ज्या महिन्यात म्हणत होतीस त्या महिन्यात तुझ्या पायांना सूज असली पाहिजे. जातं आज धापा टाकतंय, म्हणजे तुझ्या अंगात रक्त कमी. पातेल्याला घशाशी आलंय याला तर अर्थ लावायचीही गरज नाही. एकेक भांडं मी खाली उतरवून तपासलं, आणि सगळं नीट जुळत गेलं. जुळत गेलं म्हणूनच मी थांबले. कारण मग चहाडखोर दूध कुठल्या दुखण्यात बसवायचं? दोन माहेरं असलेली गाडी? गळ्याला फडकं बांधलेल्या बरणीला मी वळसा घालून जाते आणि तू तोंडावर हात धरून हसतेस, ते कशाचं लक्षण? सगळं लक्षणांत बसवलं तर माझ्याकडे एक आजारी बाई उरते जिला घरात कोणी विचारत नव्हतं, आणि जी आई मला रोज हवीशी वाटते ती त्यात कुठे दिसत नाही. नाही बसवलं, तर तू थंडीनं कुडकुडत असताना मी दगडावर पंचा खोचते आहे, हे चित्र तसंच राहतं. मला दोन्ही नको आहेत. दोन्हींतलं एक निवडायला मला कोणी सांगितलं नव्हतं, रविवारी ती होडी येईपर्यंत.

ती मुलगी अठरा-एकोणीसची असेल. हात मिठानं फाटलेले, कपाळावर ठसठशीत गोंदण. खोलीतल्या बाकीच्या बायकांना तिनं पहिल्याच दिवशी हसवलं, खाट कुरकुरली तर म्हणाली, "ही माज्या सासूची बहीन दिसते." सासू व्हरांड्यात मुक्काम ठोकून आहे, गाठोडं उशाला घेऊन. वाईट बाई नाही. नातवाचे डोळे उघडले तेव्हा माझ्या पायाला हात लावायला आली. पण सुनेचा विषय निघाला की एकच सांगते: "आमच्यान बालतीन सहाव्या दिसाला उठते, बाय. मीठ काढायचे दिस हायत. आनि दवाखान्यान राहिली ती बाई परत येत नाय, आमच्या वाड्यानची एक नाय आली." हे ती सुनेला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणते. अशा वेळी मला दुखतंय, असं कोण म्हणेल?

आज दुपारी मी तिच्या खाटेशी बसले. शेवटी मला विचारावं लागलं ते बाबांसारखं.

"आज म्हस कशी आहे?"

ती चटकन माझ्याकडे बघून हसली. आतापर्यंत मी तिला फक्त जीभ दाखव, कूस बदल, एवढंच म्हटलं होतं. "आज जरा बरी हाय. सकालची थरथरली. मंग घाम आला तिला."

"पोट?"

"पोटाला हात लावू देत नाय."

"कुठे?"

तिनं स्वतःच्या ओटीपोटावर हात ठेवला, अगदी अलगद, गरम भांड्याला लावावा तसा. "इथं. म्हशीला पन इथंच असतं ना वो?"

व्हरांड्यातून सासू ओरडली, "कंची म्हस गो? इकलेली म्हस? हिची म्हस हिच्या डोक्यान चरते, बाय! नका ऐकू."

खोलीतल्या सगळ्या हसल्या, तीही हसली. "तुमी लय शिकलेल्या," ती मला म्हणाली, "आनि म्हशीची खुशाली इचारता."

मी हात धुतले आणि तिचं पोट दाबून पाहिलं. ती आढ्याकडे बघत राहिली. दुखतंय का? नाय. इथे? नाय. चेहऱ्यावर काही उमटलं नाही, पण पायाची बोटं आखडली. नाडी जरा जलद होती. दाराशी सासू उभी असताना माझीही झाली असती. ताप पुन्हा पाहिला. नाही. ताप चढतो आणि उतरतो. काच तोंडात असते तेव्हा त्यानं हजर असलंच पाहिजे असं नाही. 'हजर' हा शब्द मी आधी लिहिणार नव्हते. राहू देते.

म्हणजे गुरुवारी डॉक्टरीणबाई येतील तेव्हा माझ्याजवळ दाखवायला काय असेल? काचेवर काही नाही. तोंडी तक्रार नाही. आखडलेली बोटं, जी मी पाहिली आणि दुसऱ्या कोणी पाहिली नाहीत. आणि एक म्हस, जी आता कुणा दुसऱ्याच्या गोठ्यात मजेत वैरण खात असेल. मी म्हणेन, ही बाई स्वतःला झालेलं म्हशीच्या नावावर सांगते आहे. त्या विचारतील, कशावरून? तुमच्या शिक्षणात हे कुठे आहे? त्यांचं विचारणं रास्त असेल. माझ्या जागी दुसरी असती तर मीही तेच विचारलं असतं. दुपारच्या ओहोटीला होडी सुटेल, ती मुलगी गाठोडं आणि मूल घेऊन उठेल, सगळ्यांना हसवत जाईल, आणि दुसऱ्या दिवशी मिठागरात उतरेल. मला जे वाटतं ते खरं असेल तर ती पुढची अमावस्या बघणार नाही. खोटं असेल तर मी एका धडधाकट मुलीला खाटेला बांधून ठेवलं, आणि ते का, तर मला माझी आई आठवली म्हणून. हे दुसरं डॉक्टरीणबाईंच्या लक्षात आलं तर ही जागा जाईल, आणि जायलाच हवी.

पण मला दुसरं उदाहरण माहीत नाही. पुस्तकांत बाई नेहमी म्हणते, मला थंडी वाजते. पुस्तकं लिहिणाऱ्यांना तसं सांगणाऱ्याच बायका भेटल्या असतील. वस्तूच्या नावानं, जनावराच्या नावानं सांगणारी बाई मी या मुलीच्या आधी एकच पाहिली, आणि तिचं निदान झालेलं नाही. तुझ्या बाबतीत मला नक्की कळलं, तर गुरुवारी मी ठामपणे उभी राहू शकते. नाही कळलं तरी मी तिला सोडणार नाही, असं या क्षणी वाटतं. पण तेव्हा माझा आवाज कसा निघेल ते सांगता येत नाही, आणि डॉक्टरीणबाई आवाज बरोबर ओळखतात.

म्हणून विचारते. त्या दुपारी थंडी कोणाला वाजत होती?

हे पत्र टपालात पडणार नाही. वर पत्ता काय घालायचा हे मला माहीत नाही, आणि माहीत असता तरी ते टाकायला बाहेर जाताना कोणी बघितलं असतं तर मला आवडलं नसतं. आणखी एक सांगायचं राहिलं. मी हे त्या मुलीसाठी विचारते आहे असं वर लिहिलं, ते पूर्ण खरं नाही. ती इथे नसती तरी मला विचारायचं होतं, गेली कित्येक वर्षं, आणि कारण मिळालं नव्हतं.

उत्तर बुधवारी संध्याकाळपर्यंत पाठव. गुरुवारी सकाळच्या गाडीनं डॉक्टरीणबाई येतात. लांब नको. कारणं नकोत. 'मला' असं म्हणून सुरू केलेलं एक वाक्य पुरे. तू तसं वाक्य बोललेलं मला एकही आठवत नाही.